सूचना : रविवारची खुली मीटिंग, नवीन येणाऱ्यांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी संध्याकाळी ७ ते ८.३० आपली अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग खुली आहे. जागा नेहमीचीच, शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग. ओळखीत कुणी दारू सोडू पाहत असेल तर त्याला घेऊन या. घरच्यांनाही आणा; एरवीच्या बंद मीटिंगला त्यांना बसता येत नाही.

नव्या माणसाला आधीच सांगून ठेवा :

• फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.
• पहिलं नाव पुरे. बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकलं तरी चालेल.
• रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवायला सांगा. मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे.

एक कळकळीची विनंती. मी पहिल्यांदा आलो तेव्हा दारापर्यंत येऊन दोनदा परत फिरलो होतो. तिसऱ्यांदा बाहेर उभा असलेला एकजण ‘या, चहा घ्या’ म्हणाला. माझ्या थरथरत्या हातून निम्मा चहा बशीत सांडला, त्याने पाहिलंच नाही असं दाखवलं. म्हणून ६.३० पासून दोघांनी दारात थांबायचं आहे. नावं शुक्रवारपर्यंत मला कळवा.

‘किती प्यायचास?’ असं कुणाला विचारू नका. फोटो अजिबात नकोत. कोण आलं होतं, हे घरीसुद्धा बोलायचं नाही. निघताना नव्या माणसाला तुमचा फोन नंबर द्या, पहिली रात्र फार अवघड जाते.

– सचिव