हिरमोड फक्त पर्यटकांचाच होतो का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गुलमर्गला बर्फ पडला नाही की एक ठरलेली बातमी येते, 'पर्यटकांचा हिरमोड'. मी पण त्या हिरमोड झालेल्यातलाच, जानेवारी 2024 ला गेलो होतो, अख्खं मैदान पिवळं, सगळं वाळलेलं गवत आणि स्लेज आपल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. एक स्लेजवाले काका फेरनच्या (तिकडचा लांब झगा) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, धरून बसलेले, मला म्हणाले, "साब, फोटो तो ले लो, घास का ही सही." दुपारचे तीन वाजले होते आणि त्यांची बोहनीही झाली नव्हती.

गंमत म्हणजे हे गाव मुळात बर्फासाठी प्रसिद्ध नव्हतंच. नावच बघा ना, गुल म्हणजे फूल आणि मर्ग म्हणजे कुरण. आधी म्हणे गौरीमर्ग होतं, 16व्या शतकात युसुफ शाह चकने नाव बदललं. जहांगीर बादशहा यायचा तो फुलांसाठी, इंग्रज यायचे ते खालचा उन्हाळा टाळायला, त्यांनी गोल्फ आणलं, 1902 ला चर्च बांधलं, स्कीइंग बरंच नंतरचं. 1927 ला ब्रिटिश ऑफिसरांनी स्की क्लब काढला, 1948 ला आपल्या लष्कराची स्की शाळा सुरू झाली, तेच आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. आणि आपण ज्याच्यासाठी लाइन लावतो तो गोंडोला, म्हणजे रोपवे, तर अगदी कालचा, दहशतवादामुळे काम रखडलं ते रखडलं, पहिला टप्पा 1998 ला आणि अफरवट डोंगरापर्यंतचा दुसरा 2005 ला चालू झाला. (ते टेकडीवरचं लाल छपराचं शिवमंदिर, जे सगळ्यांना सिनेमातल्या गाण्यामुळेच माहीत, ते जून 2024 मध्ये आगीत जळालं, त्याची बातमी मात्र दोन दिवसात विसरली गेली.)

म्हणजे हिवाळ्यावर पोट भरायची ही सवय तिथल्या सामान्य माणसाला लागून फार वर्षं झालेली नाहीत, आणि सगळा खेळ चिल्लई कलानवर, म्हणजे 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांवर. तेव्हा पडलेला बर्फ गोठतो, टिकतो, उन्हाळ्यात हळूहळू वितळून झऱ्यांना, भातशेतीला, सफरचंदाच्या बागांना पाणी देतो. उशिरा पडलेला भराभर वितळून जातो. पश्चिमेकडून येणारे वारे पाऊस-बर्फ घेऊन वेळेवर आलेच नाहीत तर स्कीइंग बुडतं ते बुडतंच, वर पुढे पाण्याची पण बोंब. 2025 ला तर बर्फाअभावी खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तेव्हा पुढच्या वेळी बातमी देताना वार्ताहराला हॉटेलच्या लॉबीतून जरा बाहेर पाठवा ही विनंती.

मी घरी आलो आणि थोड्याच दिवसांत तिथे बर्फ पडल्याचे व्हिडिओ फोनवर आले. काकांचा नंबर घ्यायचा राहूनच गेला.

आपला,
एक नियमित वाचक