रविवारचं येऊर : ओढ्याबाबत सूचना

रविवारी ठाण्याच्या येऊर डोंगरात भटकंतीला येणाऱ्या सर्व सभासदांनी हे वाचूनच निघावं.

वाटेतला ओढा घोट्याएवढा दिसला तरी सांगितल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. त्याहून वाईट म्हणजे दगडांच्या फटीत पाऊल अडकणं. मागून प्रवाह रेटतो, माणूस तोंडावर पडतो आणि मांडीभर पाण्यातही उठता येत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही मिरवू नये. वाहून जाऊ लागलात तर उभं राहायची धडपड नको. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने वर धरा आणि हात मारत काठ गाठा.

ठाण्यात ऊन असलं तरी डोंगरावर पाऊस असू शकतो. पाणी गढुळलं, पालापाचोळा वाहू लागला की लगेच काठावर या. बंधाऱ्याच्या पायथ्याशी तर मुळीच नको, तिथलं पाणी माणसाला गरगर फिरवून खाली ओढतं.

कुणी वाहू लागलं तर मागोमाग उडी नको. दोरी किंवा ओढणी फेका, ११२ लावा. बाहेर काढल्यावर पोट दाबत बसू नका. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा.

आणि येऊरऐवजी खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर जायचा आग्रह आता पुरे, पावसाळ्यात तिथे बंदी असते.