आढं खालीच राहू दे

चिपळूण

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी रेव्हिटची, म्हणजे घराच्या त्रिमितीय मॉडेलची, फाइल उघडून बघितली. गुहागरच्या घराचं अख्खं छप्पर तू एकाच 'रूफ बाय फूटप्रिंट'मध्ये, म्हणजे प्लॅनवरच्या रेघांवरून छप्पर उचलणाऱ्या कमांडमध्ये, कोंबायला निघालायस, तेही पडवीसकट! कमांड बिचारी हुकमाची ताबेदार. रेघेला उतार दिलास की पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, उचलते, दोन पाखी भिडली की कोपरा काढते. वरून कोकणातला पाऊस कोसळणार आहे, हे तिच्या गावीही नसतं.

खरी मेख आढ्यात, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या रेघेत आहे. मुख्य घर ९ मीटर रुंद आणि मागे काटकोनात निघालेलं स्वयंपाकघर ६ मीटर. भिंती एका उंचीच्या आणि उतार दोन्हीकडे ३० अंश ठेवलास, तर मुख्य आढं भिंतीच्या माथ्यापासून २.६० मीटर वर जातं, स्वयंपाकघराचं १.७३ मीटर. म्हणजे ते ८७ सेंटिमीटर खाली राहून मोठ्या पाख्यात शिरणार. मालकांना ते 'बुटकं' वाटलं म्हणून तू दोन्ही आढी एका उंचीवर आणलीस आणि मागचा उतार जवळजवळ ४१ अंशांवर गेला. आता ६० सेंटिमीटर बाहेर काढलेली वळचण पुढे ३५ सेंटिमीटर उतरते, मागे ५२. आतल्या कोपऱ्यात १७ सेंटिमीटरची पायरी दिसतेय ती ह्यामुळेच. वळचणी एका पातळीत आणणाऱ्या 'अलाइन इव्ह्ज' कमांडने ती घालवता येईल, पण भिंती तशाच ठेवायच्या तर मागची वळचण ४० सेंटिमीटरवर आणावी लागेल. आषाढातली झड मग थेट भिंतीवर!

त्यापेक्षा उतार सारखे ठेव, आढं खालीच राहू दे. पाखी मिळतात त्या खोलगट रेघा मग प्लॅनमध्ये बरोबर ४५ अंशांत येतील. मात्र त्यांचा स्वतःचा उतार ३० नाही, सुमारे २२ अंशच असतो, कारण तेवढंच खाली यायला पाणी तिरकं, जास्त लांब जातं. दोन पाख्यांचं पाणी आणि वर फणसाचा पालापाचोळा, सगळं तिथेच गोळा होणार. तेव्हा पत्र्याची पन्हळ चांगली रुंद धर, आणि सेक्शन काढायचा तर त्या रेघेवरूनच काढ.

पडवीचं छप्पर वेगळं कर. मुख्य वळचणीखाली सरकवलंस तर छपरं जोडणाऱ्या 'जॉइन रूफ'चीही गरज नाही.

आणि हो, एकेक मंगलोरी कौल मॉडेल करत बसू नकोस. मटेरियलचा पॅटर्न पुरे, नाहीतर फाइल रांगायला लागेल. कौलं मोजायला क्षेत्रफळ लागतं, तेही पाख्याचं. प्लॅनचं घेतलंस तर ३० अंशांना साधारण १३ टक्के माल कमी पडेल.

मालकांना आढ्याचं तूच समजाव. मी आलो तर वाद घालीन आणि तुझं काम जाईल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय