कवडीपाटला लहान मुलांना नेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की पुण्याजवळ मुळा-मुठा नदीवरच्या कवडीपाटच्या पुलावर आणि काठावर पक्षी पाहायला रविवारी सकाळी गर्दी होते. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहापासून शाळाही मुले आणू लागतात. चार ते आठ वर्षांच्या मुलांना नदीवर जरूर न्यावे. पण मोठ्यांच्या बेतात त्यांना ओढत नेले की मुले कंटाळतात, पक्षी उडतात आणि कोणीतरी पाण्यात उतरते.

सर्वांत आधी पाण्याविषयी. संगमापासून पुढे साऱ्या शहराचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा इथे येते. पाण्यावरचा पांढरा फेस साबण-डिटर्जंटचा असतो आणि मुलांना तो हातात घ्यावासा वाटतोच. त्याहून धोक्याची जलपर्णी. वरून ती सपाट हिरवळ दिसते, खाली पाणी असते. लहान मूल सरळ त्यावर पाय टाकते. गाळाचेही तेच. वरचा पापुद्रा वाळलेला, आत पाय घोट्यापर्यंत रुतणारा. म्हणून पाण्यापासून मोठ्या माणसाची दहा पावले मोजून तिथे काठी ठेवावी आणि ‘काठीच्या पुढे कोणी जायचे नाही’ एवढा एकच नियम सांगावा. दहा सूचना दिल्या तर मुले एकही पाळत नाहीत. सहा वर्षांखालच्या दोन मुलांमागे एक मोठा माणूस हवा, म्हणजे पुलावर दोन्ही हात धरता येतात.

पायांत बंद बूट हवेत, कारण गाळात काचा असतात. हात धुवायला साबण आणि दोन मुलांमागे लिटरभर पाणी घरूनच न्यावे. चिखलाच्या हातांवर सॅनिटायझर उपयोगाचा नाही. खाऊ हात धुतल्यावर, शक्यतो गाडीपाशी. पक्ष्यांना ब्रेड-बिस्किटे मुळीच टाकू नयेत.

सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी फाटा मागे टाकून कवडीपाटच्या जुन्या टोलनाक्यापाशी डावीकडे वळावे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासातला पोहोचून पावणेनऊला परत फिरावे. दीड तास या वयाला पुष्कळ झाला. सकाळी पश्चिमेकडे, पुण्याच्या बाजूला तोंड करून उभे राहिले की ऊन पाठीवर येते आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. उलट्या बाजूला सगळेच काळे.

यादी करायला लावू नये. चार पक्षी पुरे: लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक, शेपटी सतत हलवणारा धोबी आणि लडाख-तिबेटकडून येणारा केशरी चक्रवाक. शेकाटे भरपूर दिसले म्हणजे पाणी चांगले, असे मात्र मुलांना सांगू नये. सांडपाण्यातल्या किड्या-अळ्यांवर त्यांचे उत्तम भागते.

दुर्बिणीवरून हमखास रडारड होते. मोठ्यांच्या पुष्कळ दुर्बिणींची डोळ्यांकडची दोन भिंगे मिटवून मिटवून ५६ मिलिमीटरपर्यंतच जवळ येतात. लहान मुलाच्या डोळ्यांतले अंतर ५० च्या आसपास असते. त्यामुळे त्याला एक तर दोन गोल दिसतात, नाहीतर अंधार. विकत घेताना हे अंतर पाहावे आणि वर्धन सहापट किंवा आठपट घ्यावे. दहापटीत हाताचा थरथराट इतका वाढतो की पक्षी सापडतच नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. सूर्याकडे कधीही रोखायची नाही. सहा वर्षांखालच्यांना दुर्बिणीविना पाहू द्यावे, हेच बरे.

चरणाऱ्या बदकांनी माना वर केल्या की तिथेच थांबावे; आणखी दोन पावले टाकली की थवा उठतो. मार्चनंतर टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर अंडी जवळच जमिनीवर आहेत. आल्या वाटेने मागे फिरावे, कारण खड्यांसारखी अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

पावसाळ्यात, खडकवासला धरणातून विसर्ग सुरू असताना, मुलांना काठावर नेऊच नये. इथे ऊन असले तरी वर घाटात पडलेल्या पावसाचे पाणी वाढत येते.

शाळांना कळकळीची विनंती आहे. पन्नास मुलांची बस एकदम काठावर उतरवू नका. दहा-बाराचा एक गट पाण्याकडे जावा, बाकीच्यांनी बसपाशी थांबून चित्रे काढावीत, मग अदलाबदल करावी. निघण्याआधी शाळेतच सर्वांना शौचाला जाऊ द्या. काठावर सोय मिळेलच असे नाही. कोणाला खरचटले तर लगेच साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताच्या लशीचे पाहा आणि पालकांना त्याच दिवशी कळवा. पुढच्या महिन्याभरात ताप आला, तर मूल नदीच्या पाण्याशी गेले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका त्यावरूनच लवकर येते.

– एक पक्षीनिरीक्षक, हडपसर, पुणे