शेजारची रिकामी सीट

ब्रिस्टल, इंग्लंड, रविवार रात्र

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई मध्येच बाळाचं वजन विचारते आणि बोलणं तिथेच राहतं, म्हणून पत्र लिहितेय. कित्येक वर्षांनी हाताने लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

बस स्टॉपवर तो माणूस बाबागाडीकडे बघत "आपल्या देशात जा" म्हणाला, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "रक्तातच असतं त्यांच्या. दीडशे वर्षं भोगलंय आपण." त्या क्षणी मला बरं वाटलं. रक्तात आहे म्हटलं की पुढे विचार करायला नको. पण रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसले की ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं. रक्त तर यालाही आहे.

या गावाची एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती, कारण ती तुमच्यासारख्या कंडक्टरची आहे. १९६३ पर्यंत इथल्या बसवर काळ्या-सावळ्या माणसाला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. वर्कशॉपात चालत, कँटीनमध्ये चालत, गाडीवर नाही. यात नुसते मालक नव्हते हो. कामगारांच्या युनियननेच १९५५ मध्ये तसा ठराव केला होता! तुम्ही युनियनवाले, तुम्हाला हे लागेल, पण खरं आहे. गाय बेली नावाच्या १८ वर्षांच्या जमैकन पोराची मुलाखत ठरली आणि तो काळा आहे हे कळताच रद्द झाली. मग पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट वगैरे मंडळींनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिने चालला. ऑगस्टच्या शेवटी बंदी उठली आणि सप्टेंबरमध्ये पहिला बिगरगोरा कंडक्टर गाडीवर चढला तो आपल्याकडचा सरदारजी, रघबीर सिंग. चार महिन्यांत कोणाचं रक्त बदलत नाही. मनंही लगेच बदलली नसतीलच, नियम बदलला इतकंच. पण त्यानंतर शाळेत जायला लागलेल्या पोराने सरदारजीकडूनच तिकीट घेतलं असेल, आणि त्याला त्यात नवल वाटलं नसेल.

तरी तुमचं म्हणणं मी अगदीच मोडीत काढत नाही. इथल्याच विद्यापीठात हेन्री ताय्फेल नावाचे प्राध्यापक होते. पोलंडचे ज्यू. महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत सापडले, वाचले, घरचे बहुतेक सगळे मारले गेले. माणसं अशी का वागतात, हा त्यांना नुसता पुस्तकातला प्रश्न नसणार. १९७० च्या सुमारास त्यांनी १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना चित्रं दाखवून दोन गट पाडले: तुला क्ली या चित्रकाराची चित्रं आवडतात, तुला कांडिन्स्की या चित्रकाराची. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. मग मुलांना पैसे वाटायला सांगितलं, इतरांना, स्वतःला नव्हे. आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. तरी त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. काही वेळा तर आपल्यांना थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, असा हिशेब केला. मला लगेच आपली चाळ आठवली. होळीच्या लाकडांवरून तळमजला आणि तिसरा मजला कसे एकमेकांच्या उरावर बसायचे!

तेव्हा रेघ ओढायची खोड माणसात असेलही. पण ती कातडीवरच ओढायची, हे कोणीतरी दाखवावं लागतं.

बाळांचंही लोकांनी तपासलंय. २००५ मध्ये इंग्लंडात नुकत्या जन्मलेल्या बाळांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले, तर त्यांना सगळे सारखेच. तीन महिन्यांची गोरी बाळं मात्र गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती. पुढच्याच वर्षी इस्रायलमधला असाच एक अभ्यास आला. तिथे इथियोपियातून आलेल्या कुटुंबांची बाळं होती, रोज काळे-गोरे दोन्ही चेहरे बघत वाढणारी. त्यांनी असा फरक केला नाही. आता, जास्त वेळ बघणं म्हणजे द्वेष नव्हे, ओळखीचं वाटणं. पण ओळखीचं कोण होणार, हे घरात कोण येतं-जातं त्यावर ठरतं ना?

आपलं पिल्लू साडेतीन महिन्यांचं आहे. त्याचं वजन करायला येणारी नर्स घानाची आहे आणि तिला बघितलं की हा दोन्ही पाय झाडतो. आईने व्हिडिओवर तिला बघून विचारलं, "ती काळी बाई उचलते त्याला? घाबरत नाही तो?" आई वाईट मनाने बोलली नाही, मला माहीत आहे. तीच आई माझ्या तोंडाला साय-हळद चोळायची आणि पाहुण्यांना सांगायची, "रंगाने जरा सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." तिलाही कोणीतरी चोळलीच असणार.

आता अवघड ते लिहिते. मी सात-आठ वर्षांची असेन. तुम्ही ड्युटीवरून आलात आणि जेवताना सांगितलंत की आज गाडीत एक हबशी चढला होता, गाडी खच्चून भरलेली, माणसं दांड्याला लटकलेली, पण त्याच्या शेजारची सीट रिकामी. तुम्ही पुढे सरका, पुढे सरका ओरडताय आणि कोणी बसायला तयार नाही. नक्कल इतकी झकास केलीत की मला हसता हसता ठसका लागला. पुढे कॉलेजला जाताना लेडीज डब्यात एक आफ्रिकन मुलगी माझ्याजवळ येऊन बसली, तर मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले. उतरायला दादरपर्यंत वेळ होता. मला कोणी सांगितलं नव्हतं, बाबा. त्या स्टॉपवरच्या माणसालाही बहुधा कोणी सांगितलं नसेल.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही मला शिकवलंत त्यातलं किती चांगलं आहे, ते इथे रोज कळतं.

साय-हळदीचं आईला मीच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका. नर्स मंगळवारी येते, त्या वेळी व्हिडिओ लावते. तिलाही नमस्कार करा.

आणि त्या गोष्टीचा शेवट तुम्ही सांगितला नव्हतात. त्या सीटवर शेवटी कोणी बसलं का? फोनवर सांगितलंत तरी चालेल, पण आई झोपल्यावर.

तुमची,
चिऊ