अणू, रेणू आणि दोन फुगे

इंदूर

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

माझी मुलगी अकरावीला हिंदी माध्यमात आहे आणि माझे शिक्षण मराठीतून झालेले. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखीच असते, हा अ‍ॅव्होगाड्रोचा नियम शिकवताना तिच्या पुस्तकातला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला तिथे ‘परमाणु’ म्हणतात, हे माझ्या ध्यानातच आले नाही. त्यामुळे दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांची वाफ दोनच लिटर कशी होते, हे आम्हा दोघींना उलगडेना. आपण दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहिलेत, माझा शब्द चुकीचा ठरवला नाहीत, आणि ऑक्सिजनच्या रेणूतले दोन अणू वेगळे होऊन पाण्याच्या दोन रेणूंना पुरतात, हे दाखवलेत. अणू-रेणूंच्या याच गोंधळामुळे 1811 साली अ‍ॅव्होगाड्रोने मांडलेला हा विचार 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारोने उचलून धरेपर्यंत मागे पडला होता, हे ऐकून मुलीचा धीर परतला.

त्या दोन फुग्यांसाठी तर आपले आभार किती मानू? बाटल्यांत शंभर-शंभर मिलिलिटर व्हिनेगर, एका फुग्यात 2.1 ग्रॅम खाण्याचा सोडा आणि दुसऱ्यात 4.2. सोडा आत सांडताच फेस उसळला, फुगे ताठ झाले, पण दुसरा काही दुप्पट दिसेना आणि ती हिरमुसली. आपण शिवणकामाची टेप तिच्या हाती दिलीत. घेर 33 आणि 41 सेंटिमीटर भरले, आणि आकारमान घेराच्या घनाच्या प्रमाणात वाढते म्हणून त्यांचे घन करून भागाकार केल्यावर 1.92 आले, म्हणजे जवळजवळ दुप्पटच. तापमान आणि दाब तेच असतील तर वायूचे मोल, म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक, दुप्पट झाले की आकारमानही दुप्पट होते, हे तिने त्या टेपवर पाहिले.

पुस्तकातले एका मोल वायूचे 22.4 लिटर हे शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबासाठी असून, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवरच्या इंदूरला 25 अंशांवर एक मोल वायू सुमारे 26 लिटर जागा व्यापतो, हेही आपणच समजावलेत.

आपण पुडीत बांधून दिलेला 1.05 ग्रॅम सोडा तिने परवा वापरला. आधी गणित करून वहीत 26 सेंटिमीटर लिहिले होते, घेर 25 आला. थोडा वायू व्हिनेगरमध्येच विरघळला असावा, असे तिचे म्हणणे आहे. ती वही घेऊन आम्ही रविवारी येतो.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई