लहान मुलाची पाठ रात्री दुखत असेल तर

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात मुलांच्या तब्येतीवर बरंच येतं, पण मणक्यातल्या गाठीबद्दल मी आजवर काही वाचलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना तिची पाठ दुखायला लागली. दिवसभर खेळायची, रात्री आडवी झाली की तासाभरात रडत उठायची आणि मांडीवर बसवलं की शांत व्हायची. वाढीचं दुखणं आहे असं आम्हाला सांगितलं गेलं, कॅल्शियम दिलं, एक्स-रे काढला तो नॉर्मल आला आणि आम्ही निर्धास्त झालो. मग ती सारखी अडखळून पडायला लागली, मग शू कळत असूनही पुन्हा कपडे ओले व्हायला लागले, आणि प्रत्येक वेळी आम्ही वेगळं कारण शोधत बसलो. अकरा महिन्यांनी एमआरआय झाला तेव्हा कळलं की मज्जारज्जूच्या आतच गाठ आहे, पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड 1, म्हणजे हळू वाढणारी, लो-ग्रेड.

आता मला माहितीये की वाढीचं दुखणं पायात असतं, बहुतेक दोन्ही पायांत, आणि सकाळी मूल ठणठणीत असतं. झोपेतून उठवणारी पाठदुखी हे ते नव्हे. एक्स-रेत हाड दिसतं, मज्जारज्जू दिसत नाही. लो-ग्रेड गाठ इतकी हळू वाढते की त्रास कमी-जास्त होत राहतो, मधले काही आठवडे तर मूल बरंच वाटतं, आणि तिथेच सगळे फसतात. मान वाकडी धरणं, पाठीला नव्याने बाक येणं, चालायला शिकलेलं मूल पुन्हा उचलून घ्या म्हणणं, यातलं काहीही पाठदुखीच्या जोडीला असेल तर पूर्ण मणक्याचा एमआरआय मागा, लहान मुलाला भूल द्यावी लागते म्हणून पुढे ढकलू नका.

घाई अशासाठी की ऑपरेशननंतर मूल कसं चालेल हे बरंचसं ऑपरेशनच्या आधी ते कसं चालत होतं यावर ठरतं. ऑपरेशनमध्ये हातापायांकडे जाणारे सिग्नल सतत मॉनिटर करतात, सिग्नल पडायला लागले तर डॉक्टर थांबतात आणि थोडी गाठ राहू देतात. आमच्याकडेही राहिली, आधी मी यावरून खूप भांडले, नंतर पटलं. उरलेली वाढली तर कार्बोप्लॅटिन आणि व्हिनक्रिस्टिनची किमो असते, रेडिएशन मात्र वाढत्या मुलांत शक्यतो टाळतात. काढलेल्या गाठीची बीआरएएफ जीनची टेस्ट आवर्जून करून घ्या, कारण त्या जीनमधल्या व्ही600ई नावाच्या बदलासाठी डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या औषधांच्या जोडीला अमेरिकेत 2023 मध्ये 1 वर्षापासूनच्या मुलांसाठी मान्यता मिळालीये. या गाठींत बहुतेक मुलं दीर्घकाळ जगतात, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कुणी नीट सांगितलं असतं तर किती धीर आला असता.

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे ती आधीपेक्षाही अशक्त होती, मग फिजिओथेरपीने हळूहळू सुधारली. पाठीला बाक येतोय का हे ती मोठी होईपर्यंत बघत राहायचंय, एमआरआय पण वर्षानुवर्षं चालणार. डावं पाऊल अजून ओढते, स्प्लिंट घालते.

एखाद्या न्यूरोसर्जनकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्याल का? आणि त्यात रात्रीच्या पाठदुखीबद्दल सगळ्यात वर छापा.

आपली,
एक आई